गोधऱ्याची धूळ, अलिराजपूरचे मृत्यू आणि भरपाईचा हिशेब

नर्मदेच्या अलीकडे आपला नंदुरबार जिल्हा, धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर. पलीकडे मध्य प्रदेशातला अलिराजपूर. दोन्ही काठांवर आदिवासी वस्ती, नदीच्या आरपार सोयरिकी. पावसाळा सरला, घरातले दाणे संपत आले की दोन्हीकडची माणसं बायका-पोरांसह गुजरातची वाट धरतात. आपल्याकडची बरीचशी ऊसतोडीला जातात. अलिराजपूर, झाबुआ आणि धार या जिल्ह्यांतले काही मजूर २००० च्या आसपासच्या दुष्काळी वर्षांत वेगळ्या कामाला गेले. गोधरा आणि बालासिनोर परिसरात पांढरा दगड भरडून त्याचं पीठ करणारे कारखाने होते. काम रोज मिळायचं, मजुरी रोख मिळायची आणि गाव अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होतं.

त्यांतली कितीतरी माणसं परतल्यावर दोन-चार वर्षांत धाप लागून मेली. आधी नवरा, मग बायको, मग धाकटा भाऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात मेलेल्यांचा आकडा २३८ असा नोंदला गेला. भरपाईचा आदेश निघायला २०१६ साल उजाडलं. सरकारने कामगाराच्या फुफ्फुसाची किंमत कशी ठरवायची, ती कोणी द्यायची आणि कोणत्या पुराव्यावर द्यायची, हे तिन्ही प्रश्न या प्रकरणात एकत्र येतात. म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

दगड आणि धूळ

हा पांढरा दगड आपल्या ओळखीचा आहे. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. लहानपणी अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासून ठिणगी पाडण्याचा खेळ बहुतेकांनी खेळला असेल. ही गारगोटी जवळजवळ निव्वळ सिलिका असते. तिची पूड काच आणि चिनी मातीच्या वस्तू बनवायला लागते. कारखान्यात ट्रकने दगड येतो, क्रशरमध्ये फुटतो, पुढे दळला जातो, चाळला जातो आणि पोत्यांत भरला जातो. दगड यंत्रात टाकणं, पूड पोत्यात भरणं, पोती शिवणं आणि उचलणं ही सगळी कामं मजुरांची. पूड तांदळाच्या पिठाइतकी पांढरी आणि त्याहून बारीक. पोतं आपटून भरलं की ढग उठतो. तोंडाला बांधलेल्या फडक्याने किंवा पदराने तो अडत नाही, कारण घातक कण डोळ्याला दिसतच नाहीत. दिसणारी धूळ नाकात आणि घशात अडकते, थुंकीतून बाहेर पडते. जे कण पाच मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजारांशाच्या, आतले असतात ते थेट फुफ्फुसाच्या तळाशी, वायुकोषांत जाऊन बसतात.

तिथे शरीराच्या संरक्षक पेशी त्यांना गिळतात. एरवी जंतू गिळला की पेशी तो पचवते. सिलिकाचा कण पचत नाही, उलट तोच पेशीला मारतो. मेलेल्या पेशीतून सुटलेला कण दुसरी पेशी गिळते आणि तीही मरते. जिथे हे घडत राहतं तिथे व्रण धरतो, गाठी होतात आणि फुफ्फुसाचा तेवढा भाग कडक होऊन निकामी ठरतो. मजूर कारखाना सोडून गावी आला तरी कण आतच असतात, त्यामुळे आजार वाढत राहतो. व्रण विरघळवणारं औषध नाही. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात.

धूळ कमी आणि कामाची वर्षं जास्त असतील तर सिलिकोसिस दिसायला दहा-वीस वर्षं लागतात. गोधऱ्याचे मजूर काही महिने, फार तर एक-दोन हंगाम राबलेले होते. एवढ्या थोड्या दिवसांत माणूस मरणाच्या वाटेला लागतो, याचा अर्थ तिथल्या हवेत धूळ बेसुमार होती.

कायद्याने किती धुळीला परवानगी होती, हे पाहिलं की अंदाज येतो. कारखाने अधिनियम १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत सूत्र होतं: श्वासातून आत जाणाऱ्या धुळीत क्वार्ट्झचे जितके टक्के असतील त्यात दोन मिळवायचे आणि दहाला त्या संख्येने भागायचं. क्वार्ट्झ ९८ टक्के धरलं तर उत्तर येतं, एका घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम. मुंबईतल्या दहा बाय दहाच्या खोलीत साधारण २८ घनमीटर हवा मावते. म्हणजे अख्ख्या खोलीत तीन मिलिग्रॅमहूनही कमी, मिठाचे पन्नासेक कण होतील एवढ्या वजनाची धूळ. याच्या वर गेलं की कायदा मोडला. ती मर्यादा पाळायची तर यंत्रं बंदिस्त करावी लागतात, धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारे पंखे बसवावे लागतात, शक्य तिथे ओलं दळण करावं लागतं. हे तंत्र जुनं आहे आणि कोणत्याही फॅक्टरी इन्स्पेक्टरला माहीत असतं.

टीबी म्हणून गेलेली वर्षं

गावी परतलेला मजूर खोकतो, वजन उतरतं, चार पावलांवर धाप लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात लक्षणं पाहून टीबीचा कोर्स सुरू होतो. डॉक्टरचं चुकतंच असं नाही. सिलिकाने पोखरलेल्या फुफ्फुसात टीबी सहज धरतो आणि दोन्ही आजार एकत्र असलेले रुग्ण पुष्कळ असतात. पण नुसत्या सिलिकोसिसच्या रुग्णालाही टीबीची औषधं सहा-सहा महिने चालू राहतात, बरं वाटलं नाही की पुन्हा नव्याने सुरू होतात, आणि मध्ये घरच्यांनी बकऱ्या विकून खाजगी दवाखाने केलेले असतात.

एक्स-रेवर वरच्या भागात बारीक ठिपके दिसतात, पुढे ते मिळून मोठे पांढरे पट्टे होतात. टीबीच्या फिल्मशी साम्य असतं. दोघांत फरक करणारी सर्वांत मोठी खूण फिल्मवर नसते. ती एका प्रश्नाच्या उत्तरात असते: यापूर्वी काय काम करत होतास? गर्दीच्या ओपीडीत हा प्रश्न विचारला जात नाही आणि केसपेपरवर त्याचा रकानाही नसतो.

अशा रुग्णांच्या घरी एक प्लॅस्टिकची पिशवी असते. आढ्याला किंवा खुंटीला टांगलेली. तीत घडी पडलेले एक्स-रे, टीबीचं कार्ड, सलाइनच्या पावत्या, रेशनकार्डाची झेरॉक्स. आजाराचा सगळा पुरावा तीत असतो. फक्त माणूस अमुक कारखान्यात कामाला होता हे सांगणारा एकही कागद नसतो. भरपाईचं सारं प्रकरण त्या न सापडणाऱ्या कागदाभोवती फिरलं.

कायदा होता, कागद नव्हता

सिलिकोसिसची भरपाई हा काही नवा हक्क नाही. १९२३ चा भरपाई कायदा, जो पुढे कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणून ओळखला गेला, त्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य आजारांची यादी होती. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस, सिलिकोसिससह टीबी, कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस, उसाच्या चिपाडाचा बॅगॅसोसिस, सगळे तिथे होते. यादीतला आजार त्या कामातून झाला की तो अपघाती इजेसारखा धरायचा, असं कायदा सांगत होता. कामगाराने एकापेक्षा जास्त मालकांकडे काम केलं असेल तर भरपाई त्यांच्यात कशी वाटायची, याचीही तरतूद होती. राज्य कामगार विमा योजनेच्या कायद्यातही तशीच अनुसूची होती.

पण दोन्ही वाटांनी जायचं तर आधी सिद्ध करावं लागतं की हा माणूस या मालकाचा कामगार होता. गोधऱ्यात मजुरांना मुकादमाने नेलं होतं. मस्टरवर नाव नाही, हजेरी कार्ड नाही, विम्याचा नंबर नाही. कित्येकांना कारखान्याचं नाव सांगता येत नव्हतं, शेठ कोण हेच माहीत. २०११ च्या जनगणनेत अलिराजपूरची साक्षरता ३६.१ टक्के होती, देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वांत कमी. त्या जिल्ह्यातल्या माणसाकडे आपण नोकरीचा लेखी पुरावा मागत होतो.

तो पुरावा तयार करण्याची जबाबदारी कायद्याने त्याच्यावर टाकलेलीच नव्हती. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर असतील तिथे लागू होता. ठेकेदाराने परवाना घ्यायचा आणि प्रत्येक मजुराला पासबुक द्यायचं. त्यावर मजुराचा पासपोर्ट आकाराचा फोटो, कामाच्या ठिकाणाचं नाव, कामाचा कालावधी, मजुरीचा दर. ते एक पासबुक त्या पिशवीत असतं तर या प्रकरणातले निम्मे वाद उद्भवलेच नसते. पासबुक न देण्याचा गुन्हा ठेकेदाराचा, मस्टर न ठेवण्याचा गुन्हा मालकाचा, दोन्ही न तपासण्याची चूक सरकारी खात्याची. त्या तिघांच्या कसुरीचा भुर्दंड चौथ्याला पडला, आणि तो चौथा मरणाच्या दारात होता. मला या प्रकरणातली सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट हीच वाटते, रकमेपेक्षाही मोठी.

डॉक्टरांवरही जबाबदारी होती. कारखाने अधिनियमाच्या कलम ८९ प्रमाणे कारखान्यातल्या कामगाराला अनुसूचीतला आजार दिसला तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला लेखी कळवणं बंधनकारक होतं, न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड. पण इथे डॉक्टर मध्य प्रदेशात, कारखाना गुजरातमध्ये, आणि रुग्ण डॉक्टरच्या लेखी कामगार नव्हे, गावातला एक टीबीचा पेशंट.

आयोग आणि न्यायालय

दिल्लीच्या प्रसार या संस्थेने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सिलिकोसिसबद्दल जनहित याचिका दाखल केली. इकडे मध्य प्रदेशात कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून, घर-घर विचारून, कोण गोधऱ्याला गेलं होतं, कधी गेलं, कोण मेलं, कोण आजारी आहे याच्या याद्या बांधल्या. पुढे पीडितांचं सिलिकोसिस पीडित संघ नावाचं संघटन उभं राहिलं. या याद्यांचं मोल फार मोठं आहे. मस्टर जे सांगू शकलं नसतं ते यांनी सांगितलं: एकाच पाड्यावरची, एकाच वेळी एकाच ठिकाणी गेलेली माणसं एकाच आजाराने मरत आहेत, आणि जी गेली नाहीत ती धडधाकट आहेत. साथरोगशास्त्रात याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तक्रारी पाहण्याचं काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवलं. आयोगाने नोव्हेंबर २०१० मध्ये दोन शिफारशी केल्या. मेलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना गुजरात सरकारने प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत. आजारी असलेल्या ३०४ जणांचं मध्य प्रदेश सरकारने पुनर्वसन करावं.

या शिफारशीत महत्त्वाचा विचार आहे. पैसे कारखान्यांकडून वसूल होईपर्यंत थांबायचं नाही, ज्या राज्याच्या हद्दीत कायदा राबवला गेला नाही त्या राज्याने आधी द्यायचे. निरीक्षक नेमणं, कारखान्याची नोंदणी करणं, धूळ मोजणं ही राज्याची कामं. ती झाली नाहीत म्हणून माणसं मेली, म्हणून देणं राज्याचं. स्थलांतरिताच्या बाबतीत हा मुद्दा फारच कळीचा आहे, कारण एरवी कामाचं राज्य म्हणतं हा आमचा रहिवासी नाही आणि घरचं राज्य म्हणतं हा आमच्याकडे आजारी पडलेला नाही.

आयोगाची शिफारस बंधनकारक नसते. पैसे मिळाले नाहीत. जवळजवळ सहा वर्षं गेली. शेवटी ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला ती रक्कम महिनाभरात देण्याचा आदेश दिला. २३८ गुणिले ३ लाख, म्हणजे ७ कोटी १४ लाख रुपये. एका राज्याच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधायला भिंग लागेल.

तीन लाखांचा हिशेब

त्या वेळी बातम्यांत ‘तीन लाखांची भरपाई’ हे शब्द मोठे दिसले. मी १९२३ च्या कायद्याचं कोष्टक घेऊन बसलो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायची, हा कायद्याचा साधा नियम. वय ३० असेल तर गुणक २०७.९८. उदाहरणादाखल धरू की मजूर ३० वर्षांचा होता आणि महिन्याला ३,००० रुपये मिळवत होता. निम्मे १,५००. गुणिले २०७.९८. उत्तर ३ लाख ११ हजार ९७० रुपये. वय २० असेल तर गुणक २२४ आणि रक्कम ३ लाख ३६ हजार.

म्हणजे न्यायालयात दहा वर्षं झगडून मिळालेली रक्कम ही अत्यल्प मजुरीवरच्या तरुण कामगाराच्या वारसाला कायद्याने पहिल्याच महिन्यात मिळायला हवी होती तेवढीच, किंबहुना थोडी कमीच. आणि त्याच कायद्याचं कलम ४-अ सांगत होतं की देय झाल्यापासून महिन्यात रक्कम दिली नाही तर दरसाल १२ टक्के सरळव्याज लागतं. वरच्या उदाहरणात दहा वर्षांचं व्याज ३ लाख ७४ हजार ३६४ होतं, मुद्दलापेक्षा जास्त. दोन्ही मिळून ६ लाख ८६ हजारांच्या वर. विलंबाला सबळ कारण नसेल तर मुद्दलाच्या निम्म्यापर्यंत दंड वेगळा.

कामगार विमा योजनेखाली नाव असतं तर चित्र आणखी वेगळं असतं. तिथे आश्रितांना एकरकमी नव्हे, दरमहा लाभ मिळतो, कामगाराच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने वाटून. विधवेला हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, मुलांना ठरावीक वयापर्यंत. जिच्या पदरात तीन लेकरं आहेत आणि उपचारापायी जमीन गहाण पडली आहे, तिच्या हातात तीन लाख एकदम आले की पहिल्यांदा सावकार येतो. दरमहा थोडे पैसे येत राहिले तर मूल शाळेत राहतं. भरपाईचं धोरण आखताना आकडा किती यावर सगळी चर्चा होते, तो कोणत्या रूपात मिळणार यावर होत नाही.

जिवंत असलेल्या ३०४ जणांचं काय

मेलेल्यांच्या वाट्याला रक्कम आली, आजाऱ्यांच्या वाट्याला ‘पुनर्वसन’ हा शब्द आला. रकमेला अंक असतो, मुदत असते, न दिल्यास अवमान होतो. पुनर्वसनाला यांतलं काही नसतं. धाप लागणाऱ्या माणसाला नांगर धरता येत नाही, रोजगार हमीवर माती उचलता येत नाही. त्याला ऑक्सिजन लागतो, टीबीवर लक्ष ठेवणारा दवाखाना लागतो, घरात येणारे नियमित पैसे लागतात. भरपाई जगताना मिळाली तर ती औषधाला आणि अन्नाला लागते. मेल्यावरच मिळणार असेल तर घरातल्या आजाऱ्याच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार शिफारस लिहिणाऱ्यांनी करायला हवा होता.

शिवाय यादी त्या तारखेला गोठली. सिलिकोसिस गोठत नाही. काम सोडल्यावरही तो वाढतो, त्यामुळे आज ‘आजारी’ या रकान्यात असलेलं नाव उद्या ‘मृत’ या रकान्यात जातं, आणि त्या वेळी निरोगी दिसणारा, पण त्याच कारखान्यात राबलेला माणूस पाच वर्षांनी आजारी पडतो. सर्वेक्षण न झालेल्या गावांतली माणसं तर कोणत्याच रकान्यात नाहीत. एकदाच करायच्या यादीवर उभं केलेलं धोरण या आजाराला पुरत नाही. नोंदणीची खिडकी कायम उघडी असावी लागते.

राजस्थानने काढलेली वाट

ही खिडकी राजस्थानने उघडली. तिथे वालुकाश्माच्या खाणी, दगड घडवणारे कारागीर, जोधपूर-करौलीचा पट्टा, सिलिकोसिसचे रुग्ण हजारोंनी. ऑक्टोबर २०१९ मध्ये राज्याने न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांचं, स्वतंत्र धोरण जाहीर केलं. कामगाराने ऑनलाइन नोंदणी करायची, जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाने तपासून प्रमाणपत्र द्यायचं. प्रमाणपत्र मिळालं की जिवंतपणी ३ लाख, मृत्यूनंतर वारसाला २ लाख, आणि दरमहा पेन्शन. मालक कोण, हे कामगाराने सिद्ध करायचं ओझं त्याच्या डोक्यावरून उतरलं. पैसा बांधकाम कामगारांच्या उपकरातून, जिल्हा खनिज निधीतून आणि सरकारी तिजोरीतून. हरियाणानेही २०१७ मध्ये सिलिकोसिस पुनर्वसनाचं धोरण आणलं.

राजस्थानच्या वाटेचं मी मनापासून स्वागत करतो. आजाऱ्याच्या हातात पैसे जिवंतपणी येतात, ही गोधऱ्याच्या प्रकरणात न झालेली गोष्ट तिथे झाली. पण तिच्यातली एक उणीव लपवून चालणार नाही. सरकारने सानुग्रह मदत दिली की खाणमालकाच्या खिशाला झळ बसत नाही. धूळ उडवणारा मोकळा, आणि पुढच्या पिढीचा कामगार त्याच धुळीत. धूळ दाबण्याचा खर्च वाचवणं मालकाला परवडतं, कारण मरणाचा खर्च कोणीतरी दुसरा उचलतो. म्हणून राज्याने आधी द्यावं आणि मग त्या पट्ट्यातल्या उद्योगांकडून वसूल करावं, कोणाचा कामगार किती हे न ठरवता आल्यास उत्पादनाच्या प्रमाणात. मस्टर नसेल तर मजुराच्या शपथपत्रावर आणि सोबतच्या दोघांच्या साक्षीवर तो कामगार होता असं गृहीत धरावं. त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं असेल तर मालकाने कागद दाखवून म्हणावं.

मुंबईतली आठवण

कोणी म्हणेल, कागद असते तर सगळं सुरळीत झालं असतं. गिरणगावचा अनुभव सांगतो की तसंही नाही. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस गिरणी कामगारांना घरचा होता. ब्लोरूम आणि कार्डिंग, म्हणजे कापूस झाडण्या-पिंजण्याच्या खात्यातल्या माणसाची छाती सुट्टीनंतर कामावर पहिल्या दिवशी आवळायची, आठवड्यात जरा सैल व्हायची आणि पुढच्या सोमवारी पुन्हा धरायची. वर्षं गेली की ती कायमचीच धरलेली राहायची. या कामगारांकडे तिकीट नंबर होता, विम्याचं कार्ड होतं, पगारातून दर महिन्याला कपात होत होती, युनियन होती. तरीही बिसिनोसिसची भरपाई मिळवण्यासाठी नव्वदीच्या दशकात ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटरच्या विजय कान्हेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कामगारांची तपासणी करून, एकेक प्रकरण बांधून विमा महामंडळाशी भांडावं लागलं. विडी ओढतोस म्हणून दम लागतो, वयामुळे लागतो, दमाच आहे, ही उत्तरं गिरणगावात पाठ झाली होती. मेडिकल बोर्डासमोर बसलेल्या माणसाला आपल्या श्वासाचे टक्के दुसऱ्याने ठरवताना पाहावं लागतं.

कागद हवेतच, पण आजार ओळखायला शिकलेला आणि तसं लिहून द्यायला न कचरणारा डॉक्टरही हवा. ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपायला सांगितलं. एवढी वर्षं का? कारण धुळीचे आजार उशिरा उघड होतात. ती शहाणीव सिलिकाच्या कारखान्यांपर्यंत पोचली असती तर गोधऱ्याला गेलेल्या मजुराची किमान एक छाती तपासल्याची नोंद कुठेतरी असती.

आता

नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. भरपाईच्या आणि कारखान्यांच्या जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली. व्यवसायजन्य आजारांची यादी त्यांतही आहे, आणि धोकादायक कामात एक जरी कामगार असला तरी त्याला विम्याखाली आणण्याची सोय आहे. ती अधिसूचनेने खरोखर वापरली गेली तर दगड दळणाऱ्या लहान कारखान्यांना तिचा फायदा होईल. त्याच वेळी वीज वापरणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० वरून २० कामगारांवर गेली, आणि स्थलांतरितांसाठीची मर्यादा ५ वरून १० वर. गारगोटी भरडणाऱ्या युनिटमध्ये कागदावर कामगार मुळातच थोडे असतात. ही मर्यादा वाढणं मला फार काळजीचं वाटतं. सिंधुदुर्गात कासार्डे परिसरात सिलिका वाळू निघते, ती काचेच्या आणि ओतकामाच्या उद्योगांना जाते. तिथे काम करणाऱ्यांच्या छातीचे एक्स-रे दरवर्षी निघतात का आणि ते वाचतो कोण, हा प्रश्न महाराष्ट्राने आजच विचारायला हवा, मृतांची यादी तयार होण्याआधी.

२००६ ची ती याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये निकाली काढली. सिलिका उडवणाऱ्या उद्योगांवर देखरेखीचं काम राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं आणि पीडितांना भरपाई मिळते की नाही हे पाहण्याचं काम पुन्हा मानवी हक्क आयोगाकडे. याचिका दाखल झाली तेव्हा अलिराजपूर हा जिल्हाही नव्हता, तो २००८ मध्ये झाबुआतून वेगळा झाला. त्या वर्षी जन्मलेलं पोर आता मजुरीला जाण्याच्या वयाचं झालं आहे. मुकादम अजून गावात येतो, पावसाळा सरला की गुजरातच्या बसगाड्या अजून भरून जातात. जाताना त्या पोराच्या खिशात आधार कार्ड आणि मोबाइल असतो. त्याच मोबाइलवर कारखान्याच्या फाटकावरची पाटी, मुकादमाचा चेहरा आणि पहिल्या दिवसाची तारीख टिपून घे, एवढं त्याला बस सुटण्याआधी कोणीतरी सांगायला हवं.